गुळानं जंत होत नाहीत, आणि म्हशीचं औषध पोराला चालत नाही

कोल्हापुरात गंगावेशीजवळ आमचं मेडिकल आहे. संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढून ग्लास हातात मिळतो, आणि तीच आमच्या काउंटरवरच्या गर्दीची वेळ. जंताच्या गोळ्यांचा दिवस झाल्यापासून त्या गर्दीतल्या चारपाच जणांनी मला मोबाईलवर एकच मेसेज दाखवला. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: शाळेत देतात ती जंताची गोळी विषारी आहे, म्हणून पोरं चक्कर येऊन पडतात. जंत गोड खाल्ल्यानं होतात. पोर रात्री दात खात असेल, तोंडावर पांढरे डाग असतील तर जंत नक्की, दर महिन्याला औषध द्या. शाकाहारी माणसाला जंताची भीती नाही. आणि गुरांच्या औषधात तेच द्रव्य असतं, स्वस्त पडतं, तेच थोडंथोडं घ्या.

म्हणजे शाळेत मोजून दिलेली गोळी विष, आणि तेच द्रव्य म्हशीच्या बाटलीतून अंदाजानं घेतलं की औषध. लोक हे वाचून खरोखर तसं करायला निघालेत, म्हणून हे लिहिते आहे.

गोळीपासून सुरुवात करते. शाळेत आणि अंगणवाडीत देतात ती अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅमची. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला 1 ते 19 वर्षांच्या मुलामुलींना ती देतात. ठरलेले दिवस 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट, कधी तारीख मागेपुढे होते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, त्यापुढच्या सगळ्यांना एक. हे औषध आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही. आतड्यातच राहून ते जंताला साखर शोषू देत नाही, आणि जंत दोनतीन दिवसांत उपासमारीनं मरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी शौचातून काही पडलं नाही तर ‘गोळी खोटी निघाली’ म्हणून परत एक देऊ नका. वरून एरंडेल पाजायचीही गरज नाही.

पोरांना त्रास होतो हे मात्र खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काहींना मळमळतं, पोटात दुखतं, एखाद्याला उलटी होते, गरगरतं. पोटात जंत जास्त असतील तर हे जास्त होतं, कारण एकदम पुष्कळ जंत मरतात. पोराला सावलीत आडवं करावं, पाणी द्यावं, बहुतेकदा काही तासांत बरं वाटतं. उलट्या थांबत नसतील किंवा अंगावर गांधी उठून दम लागत असेल तर मात्र लगेच दवाखाना.

ज्याची खरी धास्ती घ्यायला हवी ते त्या मेसेजमध्ये नाहीच. लहान पोराच्या घशात गोळी अडकते. रडणाऱ्या पोराचं नाक दाबून, डोकं मागं धरून गोळी कोंबली की ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. दोन चमच्यांच्या मधे गोळी धरून दाबा, पीठ झालं की थोड्या पाण्यात कालवा, पोराला बसतं करा, रडणं थांबू द्या, मग द्या. मोठ्या पोरांनीसुद्धा गोळी चावूनच खायची, गिळायची नाही. त्या दिवशी पोराला ताप असेल, आजारी असेल, तर बाईंना तसं सांगा. नंतरच्या राहिलेल्यांच्या दिवशी गोळी मिळते.

आता गूळ. साखर-गुळाच्या जिल्ह्यात हा समज इतका मुरलाय, की गुऱ्हाळावर काकवीचं बोट चाटणाऱ्या पोरालाही आजी दटावते. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, पण ती अंडी पोटात फुटून जंत वाढत नाहीत. अंडी शौचातून मातीत जातात, तिथं दोनचार आठवडे मुरतात, आणि मग मातीच्या हातानं किंवा न धुतलेल्या भाजीतून परत तोंडात येतात. अंकुशकृमीचं तर तोंडाशीही काम नसतं. ओल्या मातीत अनवाणी चाललं की त्याची अळी पायाच्या कातडीतून आत शिरते, आणि पुढं आतड्याला चिकटून रक्त पिते. पोरगी फिकट पडते, जिना चढताना धापा टाकते, ती यानंही असू शकते. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी गटारासकट घराघरांत आलं. असं पाणी ओसरल्यावर गाळात खेळणाऱ्या पोरांना जितका धोका, तितका गुळाच्या खड्यानं कधी होत नाही. जास्त गोडानं दात किडतात. त्यासाठी कमी द्या.

रात्री दात खाणं ही जंताची खूण नाही. तोंडावरचे फिकट डाग बहुतेकदा कोरड्या त्वचेचे असतात. या खुणांवर विसंबून दर महिन्याला औषध देणारी आई मला भेटते, आणि तिचं पोर तिथल्या तिथंच असतं, कारण त्याचा आजार वेगळाच असतो. साधारणपणे वर्षातून एकदा किंवा दोनदा पुरतं. रात्री शौचाची जागा खाजते तो सूतकृमी मात्र वेगळा. त्याला दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि सगळ्या घरानं एकदम घ्यावा लागतो. एकट्या पोराला देऊन भागत नाही. काही आजारांत हे औषध रोज, आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं, तेव्हा डॉक्टर रक्त आणि यकृत तपासत राहतात.

शाकाहाराचं थोडक्यात सांगते, पण लक्ष देऊन वाचा. डुकराच्या मांसातला पट्टकृमी पोटात व्हायला ते मांस खावं लागतं. पण त्याच कृमीची अंडी माणसाच्या शौचातून मातीत आणि तिथून कोथिंबीर-मुळ्यावर येतात, आणि ती पोटात गेली तर त्या कृमीच्या अळ्यांच्या गाठी मेंदूतही होऊ शकतात. गळ्यात माळ घातलेल्या माणसालाही त्यातून फिट येऊ शकते. अशा गाठी असताना मनानं जंताचं औषध घेतलं तर मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून डॉक्टर बरोबर स्टेरॉइड देतात. ज्याला आधी फिट येऊन गेली आहे, त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नये. फिटच्या काही गोळ्या या औषधाचा असरही कमी करतात.

राहिलं गुरांचं औषध. गेल्या आठवड्यात कट्ट्यावरचे एक मामा आले. वय साठीच्या पुढं, हाताला दुधाचा वास.

“मॅडम, रेडकाला ह्येच पाजतोय आमी. नातवाला चमचाभर दिलं तर काय बिघडतंय?”

“मामा, बाटली आणलीय का?”

खिशातून काढून दिली. मी उजेडात धरून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. वर ‘फक्त जनावरांसाठी’. खाली घटक: लेव्हामिझोल आणि ऑक्सिक्लोझानाइड. अल्बेंडाझोल त्यात थेंबभर नव्हतं. ‘तेच द्रव्य’ तिथंच संपलं. लेव्हामिझोलनं माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक घटू शकतात. त्याच धोक्यापायी अमेरिकेत माणसांसाठीचं लेव्हामिझोल 2000 साली बाजारातून गेलं. आणि बाटलीत अल्बेंडाझोल असतं तरी काय? गुरांच्या एकेका बोलसमध्ये, म्हणजे मोठ्या गोळीत, दीड ग्रॅम असतं, आपल्या जवळजवळ चार गोळ्या. त्याचा कण मोडून पोराला किती गेलं हे कुणी सांगू शकत नाही. कुत्र्यांचं फेनबेंडाझोल कर्करोगावर म्हणून घेणारेही आहेत. त्यानं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. जाताजाता हेही मामांना सांगितलं, की म्हशीला जंताचं पाजल्यावर लेबलवर लिहिलेले दिवस तिचं दूध कट्ट्यावर आणायचं नसतं.

मग मी काउंटरवर सगळ्यांना विचारते ते त्यांनाही विचारलं. पोर किती वर्षांचं, वजन किती, फिट येते का, दुसरं औषध चालू आहे का. बाई स्वतःसाठी मागत असेल तर पाळी चुकली आहे का, हेही विचारते, कारण पहिल्या तीन महिन्यांत हे औषध देत नाहीत. वजन विचारायचं कारण, आयव्हरमेक्टिन मिसळलेली गोळीही हल्ली सर्रास मिळते आणि ती पंधरा किलोच्या आतल्या पोराला चालत नाही. नातू तीन वर्षांचा, अंगानं बारीक. त्याला साधं अल्बेंडाझोलचं पातळ औषध लागलं असतं, दहा मिलीची अख्खी बाटली, हलवून, एकदाच.

“अंगणवाडीत दिली का हो गोळी?”

मामांनी सुनेला फोन लावला. पलीकडून आवाज माझ्यापर्यंत आला, “दिलीया की मंगळवारी! बाईंनी चुरून पाजली, मी हुतो की तिथं.”

मग त्याला काहीच द्यायचं नव्हतं. पुढचा डोस सहा महिन्यांनी, तोही तिथंच, फुकट. मामांनी रेडकाची बाटली परत खिशात घातली आणि कट्ट्याकडं गेले, धारेची वेळ झाली होती.