बंदरात जहाज लागलं की आई-बाबांना जहाजावरच राहू द्या

क्रूझवर बंदराचा दिवस उजाडला की "एवढे पैसे भरलेत, मग उतरायला नको का?" हा प्रश्न येतोच. माझं स्पष्ट मत आहे: प्रत्येक बंदरात उतरायची अजिबात गरज नाही. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या माणसाला तर आग्रहही करू नका. तिकिटाच्या पैशात जहाजही आलं, आणि ते निवांत मिळतं ते याच दिवशी.

कोणत्या बंदरात जहाजावर राहायचं हे अंतरावरून ठरवा. इटलीत जहाज लिव्होर्नोला लागतं आणि फ्लोरेन्स तिथून जवळपास ९० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन तीनेक तास बसमध्ये आणि उरलेला वेळ उन्हात, दगडी रस्त्यांवर. याउलट मलेशियात पेनांगला धक्का जॉर्ज टाउन शहराला खेटूनच आहे, तिथे दोन तास फिरून जेवायला परत येता येतं. जिथे नवे प्रवासी चढतात त्या बंदरात जहाजावर थांबणं मात्र टाळा. बार्सिलोना किंवा रोमजवळच्या चिविटावेकियासारख्या ठिकाणी बॅगांचे ढीग आणि लिफ्टसमोर रांगा असतात, निवांतपणा मिळत नाही.

तयारी आदल्या रात्रीच करायची. दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक नीट वाचा. मोठं रेस्टॉरंट दुपारी बऱ्याचदा बंद असतं आणि बुफेच्या वेळाही आखूड होतात. जैन किंवा बिनकांद्याचं जेवण हवं असेल तर रात्रीच्या जेवणालाच हेड वेटरला सांगून ठेवा, ऐन वेळी ते जमत नाही. स्पामध्ये बंदराच्या दिवशी अनेकदा सवलत असते, तीही विचारून घ्या. ड्युटी-फ्री दुकानं आणि कॅसिनो कस्टम्सच्या नियमांमुळे बहुतेक बंदरांत बंद असतात.

उतरायचं नसलं तरी काही बंदरांत इमिग्रेशनवाल्यांसमोर प्रत्येकाला हजर व्हावंच लागतं. ती वेळ चुकवू नका, कारण एकामुळे सगळ्यांचं उतरणं अडकू शकतं.

आता ज्याने ज्येष्ठ मंडळी हमखास दचकतात ते. सकाळी मध्येच भोंगा वाजतो, सात छोटे आणि एक लांब. बंदरात असताना कर्मचाऱ्यांचा आग विझवायचा आणि लाइफबोट उतरवायचा सराव चालतो. "फक्त कर्मचाऱ्यांसाठी" अशी घोषणा आधी होते, पण ती इंग्रजीत आणि भरभर, त्यामुळे कळत नाही. हे आदल्या दिवशीच समजावून सांगा. सरावात आगीचे दरवाजे आपोआप मिटतात, एखादी लिफ्टही थांबते. अशा वेळी आहात तिथे बसून राहायचं. घोषणा न होता भोंगा वाजला, तर मात्र तो खरा धरून मस्टर स्टेशन, म्हणजे आणीबाणीत जमायची ठरलेली जागा, गाठायचं.

खुर्ची कुठे टाकायची हेही महत्त्वाचं. धक्क्याला लागल्यावरही विजेसाठी जनरेटर चालूच असतात (किनाऱ्यावरून वीज घेतली असेल तर नाही), म्हणून धुराड्यामागच्या वरच्या डेकवर काजळी पडते. पुढच्या बाजूची सावली पकडा. बाजूला तेलाची बार्ज (सपाट मालवाहू बोट) लागली आणि जहाजावर लाल बावटा चढला, तर इंधन भरणं चालू आहे असं समजा. वास येतो, उघड्या डेकवर सिगारेट बंद होते. समुद्राच्या पाण्याचा पूल असेल तर बंदरातलं पाणी त्यात घेत नाहीत, तेव्हा रिकामा पूल पाहून बिघाड झाला असं वाटून घेऊ नका.

बाल्कनी धक्क्याकडे आली तर वाईट वाटून घेऊ नका. मनगटाएवढे जाड दोर, त्यांवर बसवलेल्या मोठ्या गोल चकत्या (दोरावरून उंदीर जहाजावर चढू नयेत म्हणून), भाज्यांचे पॅलेट आत ढकलणारे फोर्कलिफ्ट, हे बघता बघता चहा कधी संपतो कळत नाही. कोचीला तर सकाळचं आत येणंच चुकवू नये. फोर्ट कोची आणि वायपिनच्या मधल्या वाटेने जहाज शिरतं आणि मासेमारीची चिनी जाळी डेकवरून खाली दिसतात.

घरचे काही उतरणार, काही राहणार असतील तर एक काम जरूर करा. तिजोरीचा कोड राहणाऱ्याला सांगून ठेवा. उतरलेल्यांना उशीर होऊन जहाज सुटलं, तर कर्मचारी केबिनमधून पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटकडे ठेवतात, तेव्हा पासपोर्ट पटकन सापडले पाहिजेत. घड्याळं दोघांचीही जहाजाच्या वेळेवर. गोळ्या राहणाऱ्याच्या हाताशी ठेवा, कारण जहाजावरच्या दवाखान्याच्या वेळा ठरलेल्या असतात.

चार वाजले की गर्दी परतायला लागते. त्याआधी जकुझी उरकून घ्यायची.