हो, मी अलिबागहूनच आलोय!

"मी काय अलिबागहून आलोय काय?" असं कुणी तावातावाने म्हणालं, की मी शेजारी उभा राहून ओशाळं हसतो. कारण मी खरोखरच अलिबागहून आलोय. पण थेम्सच्या काठीही हे गावच मला नडेल, असं वाटलं नव्हतं.

गेल्या शनिवारी भाच्याने मला लंडनच्या वॉपिंग भागातल्या खलाशांच्या एका जुन्या पबात नेलं. खिडकीखाली भरतीचं पाणी. खिडकीशी चार खुर्च्या. एकीवर एक आजोबा, दुसरीवर त्यांचा कुत्रा. मी तिसरीवर टेकतोय तोच वेट्रेस धावत आली.

"बुकिंग आहे?"

नव्हतं. मी कुत्र्याकडे पाहिलं.

"त्याचं आहे," आजोबा म्हणाले. "ॲडमिरल आणि तीन माणसं. दर शनिवारी."

उरलेली दोन माणसं शेवटपर्यंत आली नाहीत. भाचा "मामा, जाऊ दे ना" म्हणत राहिला आणि मी संडासाच्या वाटेवर ग्लास धरून उभा. येणारा-जाणारा मला "सॉरी" म्हणून ढकलत होता. व्हिसासाठी बँकेचे उतारे दिले, बोटांचे ठसे दिले, ते या जागेसाठी!

आजोबांना आता आयता श्रोता मिळाला. "इथेच, या काठावर, १७०१ साली कॅप्टन किड नावाच्या समुद्री चाच्याला फाशी दिली. पहिल्यांदा दोर तुटला. पुन्हा चढवला!" दोर स्वतः वळल्यासारखे सांगत होते. मग प्रेत पुढे टिलबरीला नदीकाठी टांगलं, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना दिसावं म्हणून. गुन्हा काय, तर १६९८ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ सुरतेकडे निघालेलं जहाज लुटलं. सुरतेचा माल लुटला म्हटल्यावर मला किडबद्दल, का कोण जाणे, थोडी आपुलकी वाटली.

"तुम्ही कुठले?"

"अलिबाग. मुंबईच्या समोर."

"अँग्रिया!" आजोबा उसळले. "तो चाचा!"

"चाचा नव्हे, सरखेल! कान्होजी आंग्रे!" माझा आवाज चढला. ॲडमिरलने एक कान उचलला. "त्यांच्या समुद्रातून जायचं तर दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं लागे. तुमच्या कंपनीची जहाजं ते न घेता घुसायची, म्हणून धरली जायची. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन तुम्ही अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आलात आणि हात हलवत परत गेलात. आमच्या नौदलाचा मुंबईतला तळ आज त्यांच्या नावाने आहे!"

आजोबा शांतपणे म्हणाले, "म्हणजे कागद नसेल त्याला अडवायचं?"

"अर्थात!"

"कितीही लांबून आला असला तरी?"

"तरीही!"

त्यांनी वेट्रेसकडे बोट दाखवलं. "मग ती काय वेगळं करतेय?"

भाचा हसला. हे मी त्याच्या आईला सांगणार आहे.

यावरचं उत्तर मला परतीच्या गाडीत सुचलं. किडने धरलेल्या जहाजावर फ्रेंच परवाने होते, आणि फ्रेंच जहाजं धरायची त्याला इंग्रजांचीच परवानगी होती; तोच त्याचा बचाव. खटल्याच्या वेळी ते फ्रेंच परवाने गहाळ झाले आणि विसाव्या शतकात सापडले कुठे, तर इंग्रजांच्याच दप्तरात! असले लोक मला कागद विचारणार. पण उत्तर सुचलं तेव्हा ऐकायला फक्त भाचा होता, आणि तो मोबाइलमध्ये.

त्याआधी बिल आलं होतं. त्यात सेवाशुल्क साडेबारा टक्के. उभं राहण्याचं. आमची चौथाई पंचवीस टक्के असायची. म्हणजे ही बरोबर निम्मी. मुकाट्याने भरली.

निघताना ॲडमिरल माझ्या अर्ध्या टेकलेल्या खुर्चीवर पाय पसरून झोपला होता.