‘ते सेटिंग बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोसायटीच्या, शाळेच्या, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा: आयफोनमधलं ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ (फोन चोरीला गेला तरी आपलं खातं राखणारं सेटिंग) ताबडतोब बंद करा. घराबाहेर असलात की ते तुमचाच फोन तुमच्यासाठी तासभर बंद करतं. त्याला तुमचं घर कुठलं तेही धड कळत नाही. फोन विकताना, बदलून घेताना हमखास अडकाल. वर ॲपल तुम्ही कुठे जाता-येता त्याची नोंद ठेवतं. फेस आयडी आहेच, फोन चोरीला गेला तर तो नेटवर्कवर रोखणारं सरकारचं सीईआयआर आहे, अँड्रॉइडमध्ये असली कटकट नाही, मग हे झेंगट हवं कशाला?

लिहिणाऱ्याचा वैताग खरा आहे, तो मी नाकारणार नाही. पण राग चुकीच्या जागी निघाला आहे, आणि त्याचं ऐकून माणसं असलेलं संरक्षणही काढून टाकताहेत. माझ्या ओळखीतल्या काहींनी मेसेज वाचल्या वाचल्या ते बंद केलं. म्हणून एकेक मुद्दा घेते. मेसेजमधल्या क्रमाने नाही, महत्त्वाच्या क्रमाने.

‘फेस आयडी आहे, चोराच्या हाती काय लागणार?’

सगळ्यात घातक गैरसमज हाच. फेस आयडीने चेहरा ओळखला नाही की फोन पासकोड मागतो. पासकोड बरोबर असला की पुढे सगळं खुलं. आणि पासकोड आपण कुठे लपवून टाकतो? सकाळच्या विरार लोकलमध्ये मास्क लावलेली बाई कोपराएवढ्या जागेत सहा आकडे टाकते, तेव्हा तिच्या खांद्यामागून चार जणींना ते दिसतात. हेल्मेट घातलेला माणूस सिग्नलला तेच करतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत वॉल स्ट्रीट जर्नलच्या जोआना स्टर्न आणि निकोल न्गुयेन यांनी अमेरिकेतल्या अशा चोऱ्यांची बातमी दिली. रात्री बारमध्ये कुणीतरी गोड बोलून जवळ यायचं, पासकोड टाकताना बघून ठेवायचं, मग फोन लंपास. पुढचं काम काही मिनिटांचं. त्या पासकोडवर ॲपल अकाउंटचा पासवर्ड बदलायचा. जुना पासवर्ड माहीत असायची गरजच नव्हती. मग ‘फाइंड माय’ बंद, म्हणजे फोन कुठे आहे ते मालकाला दिसणं बंद. मालकाचे आयपॅड, मॅक खात्यातून बाहेर. काही चोर पुढे जाऊन रिकव्हरी की लावायचे, म्हणजे मालक स्वतःच्या खात्यात परत येऊच शकत नाही. फोनमध्ये साठवलेले पासवर्ड वाचून बँकेत हात घालायचा. लोकांचे पैसे गेले, आणि मुलांचे वर्षानुवर्षांचे फोटो आयक्लाउडसकट गेले.

त्या बातमीनंतर, जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ या आयफोनच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲपलने हे सेटिंग आणलं. म्हणजे चोराला पासकोड माहीत आहे असं गृहीत धरूनच ते बनवलं आहे. ‘फेस आयडी आहे ना’ हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही, कारण फेस आयडी तेव्हाही होताच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लोकलच्या दारात उभं राहून बोलताना फटका गँगने हातावर काठी मारली आणि उघडाच फोन खाली पडला, तर त्या क्षणी उघडी असलेली ॲप्स हे सेटिंग झाकत नाही. व्हॉट्सॲप, गॅलरी, मेल चोराला दिसणार. यूपीआयला वेगळा पिन आहे तो आहेच. हे सेटिंग राखतं ती खात्याची सूत्रं, आणि ती एकदा गेली की बाकीचं मिळवणं फार अवघड होतं.

‘तासभर फोन बंद पडतो’

नाही पडत. फोन येतात, जातात, रिक्षाचे पैसे देता येतात, कॅमेरा चालतो, आणि पासकोडने फोन उघडायचा असेल तर तोही नेहमीसारखा उघडतो. बदलतात त्या निवडक गोष्टी, आणि त्यांचे दोन गट आहेत. पहिल्यात फक्त चेहरा किंवा बोट लागतं, पासकोड चालत नाही, पण थांबावं लागत नाही: साठवलेले पासवर्ड बघणं, सफारीतलं कार्ड वापरणं, फोन पूर्ण पुसणं, लॉस्ट मोड (फोन ‘हरवला’ ही नोंद) काढणं. दुसऱ्या गटात चेहरा, मग एक तास, मग पुन्हा चेहरा: ॲपल अकाउंटचा पासवर्ड बदलणं, त्यातून साइन आउट होणं, फोनचा पासकोड बदलणं, नवा चेहरा नोंदवणं, फाइंड माय बंद करणं आणि हे सेटिंगच बंद करणं.

यातलं तुम्ही महिन्यातून किती वेळा करता? वर्षातून एखाद्या वेळी, तेही बहुधा घरी बसून. आणि सेटिंग मुळात जसं येतं तसंच ठेवलं असेल, तर घरासारख्या ओळखीच्या जागी यातलं काहीच आड येत नाही.

तो तास कशासाठी, हे मेसेजमध्ये कुठेच आलेलं नाही. तो तुमच्यासाठी आहे. फोन गेल्याचं लक्षात यायला, कुणाचा तरी फोन मागून घ्यायला आणि आयक्लाउड डॉट कॉम स्लॅश फाइंड उघडून आपला फोन ‘हरवला’ म्हणून नोंदवायला माणसाला वेळ लागतो. पूर्वी चोर त्याआधीच मोकळा व्हायचा. फाइंडच्या या पानावर शिरायला दुसऱ्या फोनवर येणारा सहा आकडी कोड लागत नाही, नुसता ॲपल अकाउंटचा पासवर्ड पुरतो. म्हणून तो पासवर्ड पाठ असायला हवा. बहुतेकांचा नसतो, फोनमध्येच साठवलेला असतो आणि फोन चोराकडे असतो.

‘त्याला घर ओळखता येत नाही’

इथे मेसेजवाल्याचं बरंचसं बरोबर आहे, म्हणून जरा थांबते.

ओळखीची जागा ठरते ती ‘सिग्निफिकंट लोकेशन्स’ या सोयीवरून. तुम्ही कुठे वारंवार आणि बराच वेळ असता, ते फोन आपलं आपण शिकतो. ‘हे माझं घर’ असं हाताने नोंदवायची सोय नाही. किती दिवसांनी एखादी जागा ओळखीची धरायची, ते ॲपल सांगत नाही. फोनने कोणत्या जागा ओळखीच्या मानल्या आहेत त्याची धड यादीही दिसत नाही. घर बदललेल्याला, नोकरीसाठी पुण्याला पीजीमध्ये गेलेल्या मुलीला, वर्षातले सहा महिने गावी आणि सहा महिने मुलाकडे राहणाऱ्या आजी-आजोबांना याचा त्रास होतो. ही ॲपलची चूक आहे. माणसाला स्वतःचं घर नोंदवता यायला हवं.

माझ्या नणंदेचं उदाहरण सांगते. गिरगावातून डोंबिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये त्या नुकत्याच गेल्या होत्या. नवा फोन मागवला, जुना एक्सचेंजमध्ये. डिलिव्हरीचा मुलगा दारात उभा, त्याच्या ॲपवर एकेक खूण करतोय: स्क्रीन ठीक, बटणं ठीक, आता फाइंड माय बंद करा. त्यांनी बंद करायला घेतलं आणि स्क्रीनवर आलं की एक तासाने या. स्वतःच्या घरात उभ्या राहून! मुलाला पुढच्या सोसायटीत जायचं होतं, त्याचाही नाइलाज. एक्सचेंज रद्द झालं, आणि दुसऱ्या वेळी त्याच फोनची किंमत कमी धरली गेली. त्यांचा संताप मी ऐकला आहे, आणि तो अगदी रास्त होता.

पण यातून ‘सगळंच बंद करा’ हा निष्कर्ष निघत नाही. जागा ओळखणं हा या सोयीचा कणा नाहीच. कणा आहे चेहरा आणि तो एक तास. जागेची भानगड आणली ती आपल्याला घरी त्रास नको म्हणून दिलेली सवलत आहे, आणि ही सवलतच यातली कच्ची बाजू आहे. फोनला जी जागा ओळखीची, ती चोरालाही तितकीच खुली. तुम्ही रोज जाता ती जिम, ते ऑफिस, तासन् तास बसता तो कॅफे फोनने ओळखीत धरला आणि तिथेच कुणी पासकोड बघून फोन उचलला, तर संरक्षण त्या क्षणी गप्प बसतं.

म्हणूनच मार्च २०२४ मध्ये, आयओएस १७.४ मध्ये, दुसरा पर्याय आला. सेटिंग्ज, मग ‘फेस आयडी अँड पासकोड’, मग ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ इथे गेलात की ‘अवे फ्रॉम फॅमिलियर लोकेशन्स’ च्या जागी ‘ऑलवेज’ निवडता येतं. ते निवडलं की फोनने घर ओळखलं का, हा प्रश्नच उरत नाही. सगळीकडे एकच नियम, अंदाज बांधत बसायला नको. लोकेशनच्या लहरीपणाचा ज्यांना वैताग आला आहे त्यांनी बंदचं बटण दाबण्याआधी हा पर्याय बघावा.

तरी ‘ऑलवेज’ सगळ्यांसाठी आहे असं मी म्हणणार नाही. बोटाने उघडणारा जुना आयफोन एसई वापरणारी कितीतरी वयस्क मंडळी आहेत. रेशनच्या मशिनवर ज्यांचा अंगठा उमटत नाही, त्यांचा फोनवर तरी कुठून उमटणार? आयुष्यभर भांडी घासून, शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. अशांना घरीसुद्धा पासकोड चालणार नाही म्हटलं तर ती खरोखर अडकतील. त्यांच्यासाठी पहिलाच पर्याय बरा. फोन पडून फेस आयडीचा सेन्सर गेला तरी ‘ऑलवेज’वाल्याला हीच अडचण येते. मग फोन कॉम्प्युटरला जोडून रिकव्हरी मोडमधून पुसणं आणि ॲपल अकाउंटच्या पासवर्डने पुन्हा सुरू करणं हा मार्ग उरतो, आणि त्यात बॅकअप नसेल तर आतलं सगळं जातं. आयक्लाउड बॅकअप चालू आहे की नाही ते आजच बघा.

‘विकताना अडकाल’

आदल्या रात्री बंद केलंत तर नाही अडकणार. फोन विकायचा, बदलून द्यायचा किंवा कुणाला द्यायचा ठरला की आदल्या दिवशी सेटिंग बंद करायचं. तास मोजायचा तर झोपायच्या आधी मोजून होतो. नणंदेला हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्यांचे पैसे वाचले असते, आणि सांगायला हवं होतं विकणाऱ्या कंपनीने. एक्सचेंज बुक करताना ‘फाइंड माय बंद ठेवा’ अशी बारीक ओळ असते, पण तासभर आधी लागेल हे त्यात नव्हतं. दुरुस्तीचा प्रश्न वेगळा: आयओएस १७.५ पासून ‘रिपेअर स्टेट’ आहे, त्यात फाइंड माय बंद न करता फोन सर्व्हिस सेंटरला देता येतो.

‘ॲपल तुमच्या जाण्या-येण्याची नोंद ठेवतं’

सिग्निफिकंट लोकेशन्स हे या सेटिंगच्या कितीतरी आधीपासून फोनमध्ये आहे. ती माहिती एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असते, ॲपलला ती वाचता येत नाही. नकाशाच्या, जेवण मागवायच्या, टॅक्सीच्या ॲपना आपण ‘ऑलवेज अलाऊ’ देऊन बसलो आहोत. त्यांच्याकडे जाणाऱ्या लोकेशनबद्दल बोलायला हवं तेवढं कुणी बोलत नाही.

‘अँड्रॉइडमध्ये असली कटकट नाही’

आहे, आणि असायलाच हवी. गूगलने २०२४ मध्ये थेफ्ट प्रोटेक्शन आणलं: हातातून फोन हिसकावून कुणी पळतंय असं हालचालीवरून वाटलं की स्क्रीन लॉक होते, आणि दुसऱ्या कुठल्याही फोनवरून नुसता आपला नंबर टाकूनही आपली स्क्रीन लॉक करता येते. दुसरी सोय आधी चालू करून ठेवावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनांसाठी आणि सॅमसंगच्या वन यूआय ७ या सॉफ्टवेअरसाठी ‘आयडेंटिटी चेक’ जाहीर झालं. विश्वासाच्या जागेबाहेर असलात की महत्त्वाच्या बदलांना चेहरा किंवा बोटच लागतं. त्यातली एक गोष्ट ॲपलने उचलावी अशी आहे: विश्वासाची जागा तुम्ही स्वतः निवडता. तुमच्या आईबाबांच्या फोनवर सेटिंग्जमध्ये ‘थेफ्ट प्रोटेक्शन’ शोधा. अँड्रॉइड १० आणि त्यापुढचे बरेच फोन यात येतात.

‘सीईआयआर आहे ना’

सीईआयआर ही चांगली सोय आहे आणि तिची सुरुवातच आपल्याकडची. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीत ती प्रायोगिक म्हणून सुरू झाली. मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलबरोबर देशभर गेली. पण ती करते काय? फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, मोबाइल नेटवर्कवर रोखते. वायफायवर तो फोन चालतोच, आणि आतल्या पासवर्डांना, फोटोंना, खात्याला तिचा स्पर्शही होत नाही. शिवाय विनंती टाकायला पोलीस तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपीसाठी चालू नंबर लागतो, म्हणजे बहुधा आधी डुप्लिकेट सिम. यात अर्धा दिवस सहज जातो. चोराला लागत होती काही मिनिटं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी त्या तासात, जवळ कुणीही असेल त्याच्या फोनवरून फाइंड माय उघडून फोन हरवल्याची नोंद. लगेच सिम बंद करायला कंपनीला फोन, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. मग बँक, पैसे गेलेले दिसले तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. त्यानंतर पोलीस ठाणं, लोकलमध्ये गेला असेल तर लोहमार्ग पोलीस, आणि मग सीईआयआर. फोन खात्यातून काढून टाका असा मेसेज नंतर कधी आला, ॲपलच्या नावाने आला तरी, काढू नका. खात्यात आहे तोवर ॲक्टिव्हेशन लॉक राहतं आणि चोराला तो पुन्हा चालू करून विकता येत नाही. आयएमईआय लागेल तो आजच *#०६# दाबून कागदावर लिहून ठेवा, आणि तो कागद घरी कपाटात.