शंभर सह्यांनी डीसी घरी जात नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सार असा: महाभियोग म्हणजे अधिकाऱ्याला खुर्चीवरून काढणं, शंभर सह्या जमवा, मग डीसी (जिल्हाधिकारी) असो, राज्यपाल असो की न्यायाधीश, त्याला जावंच लागतं, मराठी अर्ज परत करणाऱ्यांवर हाच इलाज. परवा खानापूर तालुक्यातले एक काका कोर्टाच्या आवारात माझ्या टेबलापाशी आले, ते हाच इलाज घेऊन. प्लास्टिकच्या पिशवीत फुलस्केपचे सात कागद, त्यांवर एकशे बारा सह्या, काही अंगठे, आणि वर ठळक अक्षरांत ‘महाभियोग अर्ज’.

आधी शब्दाचं बघू. अभियोग म्हणजे आरोप, फिर्याद. सरकारी वकिलाला कागदोपत्री ‘सरकारी अभियोक्ता’ म्हणतात ते त्यामुळेच. तो आरोप मांडतो, शिक्षा देत नाही. महाभियोग हाही आरोपच, फक्त मोठ्या पदावरच्या माणसावर संसदेनं ठेवलेला. सालबाईचा तह झाला तेव्हा कंपनीचा गव्हर्नर जनरल असलेला वॉरन हेस्टिंग्ज आठवा. १७८७ मध्ये इंग्लंडच्या कॉमन्स सभेनं त्याच्यावर महाभियोग ठेवला, १७८८ पासून १७९५ पर्यंत लॉर्ड्स सभेत खटला रेंगाळला, आणि गडी निर्दोष सुटला. अमेरिकेत क्लिंटन यांच्यावर १९९८ मध्ये महाभियोग आला, तरी मुदत संपेपर्यंत अध्यक्ष तेच. कन्नड पेपर यालाच ‘वाग्दंडने’ छापतात. त्यातला ‘दंड’ वाचून आमच्याकडच्या माणसाला शिक्षा झालीच असं वाटत असेल, तर त्याला फार दोष देता येत नाही.

‘डीसी असो, राज्यपाल असो’ इथं मात्र मेसेज साफ घसरतो. राज्यघटनेत महाभियोग आहे तो राष्ट्रपतींसाठी, कलम ६१ मध्ये, आणि कारण एकच: घटनेचा भंग. राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात, कलम १५६. डीसी सनदी नोकर. त्याला बडतर्फ करायचं तर कलम ३११ प्रमाणे चौकशी, बचावाची संधी आणि शेवटी केंद्राचा हुकूम. राज्य सरकार त्याला निलंबित करेल, नाहीतर बदली. बदलीची तर त्यांना सवयच असते.

शंभरचा आकडा मात्र हवेतून आलेला नाही. १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्यात तो आहे: न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावाला लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या लागतात. खासदारांच्या, गावकऱ्यांच्या नव्हेत. त्याही सह्यांनी फक्त दार वाजतं. ते उघडायचं की नाही हे सभापती किंवा अध्यक्ष ठरवतात. उघडलं तर तिघांची चौकशी समिती. तिनं दोषी धरलं तर दोन्ही सभागृहांत मतदान, आणि तिथं एकूण सदस्यांचं बहुमत हवं, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांतले दोन-तृतीयांशही. १९९३ मध्ये न्यायमूर्ती रामस्वामींना समितीनं दोषी धरलं होतं. लोकसभेत बाजूनं १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही, पण २०५ जण तटस्थ बसले आणि प्रस्ताव पडला! आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले दिनकरन यांच्यावरही राज्यसभेत प्रस्ताव दाखल झाला होता. चौकशी पुरी होण्याआधीच, जुलै २०११ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला.

न्यायाधीशांच्या बाबतीतही सगळे ‘महाभियोग’च म्हणतात, पेपरवाले आणि खासदारसुद्धा. बोलण्यात चालतं. घटनेच्या कलम १२४ मध्ये मात्र पदावरून दूर करणं एवढंच आहे.

राहिला मराठी अर्जाचा मुद्दा. दुखणं खरं आहे, औषध चुकीचं. कलम ३५० म्हणतं की तक्रारीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याला देता येतं. अर्ज परत केला तर त्या कलमाचा आकडा घालून वरच्या साहेबांकडे लिहा, प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवा. पैसे मागितले तर लोकायुक्त. तिथं तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लागतं. बेकायदा हुकूमच निघाला असेल तर उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहे.

काकांचं गाऱ्हाणं खरं तर भाषेचंही नव्हतं. वडील वारल्यावर आरटीसीवर, म्हणजे इकडच्या सातबारावर, वारसांची नावं चढली नव्हती, एवढंच. अर्ज कधी दिला विचारलं. दसऱ्याआधी, म्हणाले. पोच?

“पोच कशाला वकीलसाहेब, वळखीचाच माणूस हाय की तिथं.”

‘सकाल’ या कर्नाटकाच्या सेवाहमी कायद्यात प्रत्येक सेवेला मुदत असते, उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००. पण पोचेवरचा सकाल क्रमांक नसेल तर दिवस मोजायचे कुठून? तहसीलदारांचा हुकूम विरोधात गेला तर एसींकडे (प्रांताधिकाऱ्यांकडे) अपील करता येतं; इथं हुकूमच नव्हता.

सह्यांच्या कागदांची मागची बाजू कोरी होती. त्यावरच मी नव्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतला.

“साहेबाचं नाव कुठं घालायचं?” काकांनी विचारलं.

“नाव राहू द्या. सर्व्हे नंबर सांगा.”