डेटाबेस ‘पाच मिनिटांत पळवण्याचा’ चार कलमी उपाय: एक प्रतिवाद

प्रॉडक्शनमधला, म्हणजे खऱ्या वापरातला, डेटाबेस रेंगाळायला लागला की डेव्हलपर मंडळींत एक चार कलमी उपाय हमखास पुढे सरकवला जातो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा: ‘पोस्टग्रेस रडतोय? वेअरमधल्या प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाका. मॅक्स कनेक्शन्स १००० करा. ऑटोव्हॅक्यूम बंद करा, उगाच डिस्क खातो. आणि रेप्लिका चालू असेल तर बॅकअपवर वेळ घालवू नका.’ (पोस्टग्रेस हा डेटाबेस; वेअर म्हणजे क्वेरीतली, डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातली, अट; मॅक्स कनेक्शन्स म्हणजे एका वेळी किती जोडण्या चालतील याची मर्यादा; ऑटोव्हॅक्यूम म्हणजे आपोआप चालणारी सफाई; रेप्लिका म्हणजे डेटाबेसची सतत अद्ययावत राहणारी दुसरी प्रत.) यातली पहिली दोन कलमं मीही कधीकाळी इमानेइतबारे पाळली आहेत, त्यामुळे आवाज चढवून बोलायचा मला फारसा अधिकार नाही. पण चारही कलमं एकेक करून बघू.

इंडेक्सचं कलम अर्धं खरं आहे, म्हणूनच ते डोक्यात घट्ट बसतं. मोठ्या टेबलवर नेमका इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधून देणारी सूची, पडला की सेकंद खाणारी क्वेरी मिलिसेकंदांवर येते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गोम आहे ती ‘प्रत्येक’ या शब्दात. टेबलवर दहा इंडेक्स असले तर एक ओळ घालताना दहा ठिकाणी नोंद करावी लागते. अपडेटमध्ये तर आणखी एक छुपी किंमत आहे. बदललेला कॉलम कुठल्याही इंडेक्सात नसेल आणि त्याच पानावर (डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यावर) जागा असेल, तर पोस्टग्रेस इंडेक्सांना हात न लावता काम उरकतो. दिवसभर बदलणाऱ्या ‘स्टेटस’ कॉलमवर इंडेक्स टाकलात की ही सवलत गेली.

शिवाय इंडेक्स असणं वेगळं आणि तो वापरला जाणं वेगळं. कॉलमवर साधा इंडेक्स आहे, पण क्वेरीत ‘डेट(क्रिएटेड_अ‍ॅट) = २०२५-०१-१५’ असं लिहिलंय; मग तो इंडेक्स नुसता पडून राहतो, कारण कॉलम फंक्शनच्या आत गेला. तेच ‘१५ तारखेपासून पुढे आणि १६ तारखेच्या आत’ असं लिहा, काम होतं. आणि हो, चालू सिस्टीमवर साधं क्रिएट इंडेक्स चालवलंत तर ते संपेपर्यंत त्या टेबलवरचं लिखाण थांबतं. ते टाळायला ‘कन्करंटली’ हा पर्याय आहे; तो लिखाण न थांबवता इंडेक्स बांधतो.

खरा घोळ दुसऱ्या कलमात आहे. ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ ही एरर दिसली की आकडा वाढवायचा मोह होतो. मुळातला १०० हा आकडा दिसतोही कंजूष. पण थोडा हिशेब करा. सेकंदाला २००० क्वेरी येतात आणि प्रत्येक ५ मिलिसेकंदांत संपते, तर एका वेळी सरासरी १० क्वेरीच चालू असतात. हा लिटलचा नियम: एका वेळी चालू असलेली कामं म्हणजे ती येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. त्याच क्वेरी अर्धा सेकंद घ्यायला लागल्या की एका वेळी १००० तुंबतात. म्हणजे कनेक्शन्स अपुरी पडली ती क्वेरी मंदावल्यामुळे, आणि आपण नेमकं उलटं वाचतो.

आकडा वाढवल्यावर एरर जाते, हे खरं. रांग मात्र तशीच राहते, फक्त ॲप्लिकेशनच्या पूलमधून (वाटून वापरायच्या कनेक्शन्सच्या साठ्यातून) उठून डेटाबेसच्या आत जाऊन बसते. बाहेर थांबलेली विनंती कोणाला अडवत नाही. आत थांबलेली लॉक आणि मेमरी धरून बसते. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही एक स्वतंत्र प्रोसेस असते. वर्क-मेम, म्हणजे सॉर्टसारख्या कामाला मिळणाऱ्या मेमरीची मर्यादाही कनेक्शनला एकदा लागत नाही, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशला वेगळी लागते. ती ६४ एमबी ठेवून १००० कनेक्शन्सनी एकदम एकेक सॉर्ट काढला तर झाले ६४ जीबी. मेमरी संपून लिनक्सने एक प्रोसेस मारली की पोस्टग्रेस बाकीची कनेक्शन्सही तोडतो आणि रिकव्हरीत जातो. २०२१ च्या आवृत्ती १४ पासून नुसती पडून असलेली कनेक्शन्स पूर्वीइतकी जड जात नाहीत, एवढं मान्य. कामाला लागलेल्या हजारांना मात्र प्रोसेसरचे कोअर तेवढेच आहेत.

आकड्याला हात लावण्याआधी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारी यादी) उघडा. तिथे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशा ओळी दिसल्या तर चोर कोडमध्ये आहे: कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडून मध्येच बाहेरच्या एपीआयच्या उत्तराची वाट बघतंय.

ऑटोव्हॅक्यूमचं थोडक्यात. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे ओळीची नवी प्रत. जुन्या प्रती साफ कोणी करायच्या? ऑटोव्हॅक्यूमने. मूळ सेटिंगनुसार साधारण २० टक्के ओळी मेल्यावर तो कामाला लागतो. १० कोटी ओळींच्या टेबलात म्हणजे २ कोटी मेलेल्या ओळी साचेपर्यंत तो येतच नाही, आणि आला की तासन्‌तास हलत नाही. डिस्क खातो ती तेव्हा. अशा टेबलापुरतं ते प्रमाण कमी करा. तो वारंवार येईल, थोडं थोडं करेल. बंद करून तो पूर्ण बंद होतही नाही: ट्रान्झॅक्शन क्रमांक ३२ बिटांचे, म्हणजे कधीतरी संपून पुन्हा सुरुवातीपासून मोजले जाणारे, असल्यामुळे टेबलाचं वय २० कोटी ट्रान्झॅक्शन्सवर गेलं की पोस्टग्रेस तो जबरदस्तीने चालवतो, बहुधा तुमच्या सर्वांत गर्दीच्या वेळी.

राहिलं चौथं कलम, आणि याबाबत मी अजिबात सौम्य राहणार नाही. वेअर विसरून डिलीट चालवा. रेप्लिका ती चूक तत्परतेने, बहुतेक वेळा सेकंदाच्या आत, गिरवते. ते तिचं कामच आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत काय झालं ते त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलंय. रेप्लिका मागे पडून तुटली होती, ती नव्याने उभी करताना डेटा डिरेक्टरी पुसायची कमांड चुकून प्रायमरीवर (मुख्य डेटाबेसवर) चालली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअप शोधायला गेले तर तिथे काहीच नाही: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) घेणारं टूल ९.२ चं, त्यामुळे डंप रोज फसत होता. आणि तसं कळवणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. वाचवलं ते कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहाएक तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने (त्या क्षणाच्या प्रतीने). मधल्या तासांचा डेटा गेला तो गेलाच.

रेप्लिका हवीच, पण ती मशीन मेलं तर. माणूस चुकला तर बेस बॅकअप (डेटाची पूर्ण प्रत) आणि साठवून ठेवलेले वॉल (त्यानंतरच्या प्रत्येक बदलाची नोंदवही) लागतात, म्हणजे डिलीटच्या मिनिटभर आधीच्या क्षणावर परत जाता येतं. तो बॅकअपही एखाद्या रिकाम्या मशीनवर उतरवून, ओळी मोजून आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवून मगच यादीत धरावा.