डेलियाचा कंद कुजवणारे 'चार सोपे उपाय'

'डेलियाचा कंद कधीच कुजणार नाही, चार सोपे उपाय' हा मेसेज मावशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला आणि तिने तो मनापासून पाळला. परवा कुंडी उकरली तर कंदाची नुसती साल हातात आली. आतला गर पचपचीत, आंबूस वास सुटलेला. आता हाच मेसेज ती पुढे पाठवायच्या आत मी हे लिहितेय.

पहिला उपाय सगळ्यात घातक: कंद लावल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी. अहो, नुकत्याच लावलेल्या कंदाला मुळ्याच नसतात, मग ते पाणी पिणार कोण? कोंब फुटायला लागणारं अन्नपाणी कंदातच साठलेलं असतं. वरून ओतलेलं पाणी मातीतली हवा घालवतं आणि बुरशीचं फावतं. अमेरिकन डेलिया सोसायटी १९१५ पासून याच एका फुलासाठी काम करते. कोंब मातीवर दिसेपर्यंत पाणी घालू नका, असंच तीही सांगते. माती अगदीच ठणठणीत कोरडी असेल तर लावण्याआधी ओलसर करून घ्या, बास. झाड वाढून कळ्या धरल्यावर मात्र पाणी सढळ हाताने लागतं, तेवढं मेसेजवाल्याचं खरं.

दुसरा, कंदाचे बटाट्यासारखे तुकडे करून लावा. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाचे डोळे फक्त खोडाला चिकटलेल्या मानेपाशी. खालचा तुकडा कितीही गुबगुबीत असो, त्यातून झाड येणार नाही.

चिरलेल्या जागी हळद? लावा, बिघडत काहीच नाही. पण हळद लावली म्हणून चिखलातला कंद वाचत नाही.

चौथा, फुलं संपताच हिरवं झाड उपटा, कंद धुवा, पिशवीत बांधून फ्रिजमध्ये टाका. पानं हिरवी आहेत तोवर कंद भरत असतो, त्याला मध्येच का उपटायचं? पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करा आणि वीतभर खोड ठेवून कापा. हे खोड आतून पोकळ असतं. त्या नळीत पाणी साचलं तर कुज थेट मानेत उतरते, म्हणून काढलेले कंद खोड खाली करून सावलीत सुकवायचे. मग कोरड्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, ठेवायचे. गार जागा हवी हे मान्य, पण बंद पिशवीत ओला कंद घामेजतो आणि सडतो.

कंद कुंडीतच ठेवायचा असेल तर जूनच्या आधी ती कुंडी छपराखाली घ्या आणि नव्या हंगामापर्यंत तिला पाण्याचा थेंबही दाखवू नका.