उद्यमबागेतला ‘आठ दिवसांचा’ सायलेन्सर

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या बायकवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: रॉयल एनफिल्डच्या नव्या हिमालयन ४५० या बाईकचे ब्रँडेड सायलेन्सर म्हणजे लूट. बेळगावात उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कंपनीचा पाईप दाखवा, आठ दिवसांत डिट्टो करून देतात. फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा सायलेन्सर) बसवला की चार-पाच हॉर्सपॉवर वाढलीच समजा. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आपोआप जुळवून घेतो. आर्गॉन वेल्डिंग केलं की चिरायची भीती नाही.

मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातली दोघं माझीच गिऱ्हाईकं. मी उद्यमबागेतच लेथ आणि वेल्डिंगवर पोट भरतो, त्यामुळं आमच्या हातांचं कौतुक वाचून बरं वाटलं. बाकीचं पटलं नाही.

आधी ते ‘डिट्टो’. पाईप आठ दिवसांत होतो हे खरंच आहे. मी पाच दिवसांत केलाय. एका पोरानं नवीकोरी गाडी आणली, “मामा, करून द्या की ओ” म्हणाला. ३०४ स्टेनलेस, १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडी. गाडीवरच टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारले, उतरवून पूर्ण वेल्ड केला, परत चढवला. झकास दिसला. मग त्याच मापाचा दुसरा पाईप त्याच्या मित्राच्या गाडीला लावायला गेलो, तर मागच्या ब्रॅकेटचं भोक तीन मिलिमीटर बाजूला! आधी गाडीलाच शिव्या घातल्या. चूक माझी होती. टॅकवर सरळ असलेला पाईप पूर्ण वेल्ड झाला की ओढला जातो. पहिल्या गाडीवर आम्ही तो हातानं रेटून बोल्ट घातला होता, आणि रेटला हे ध्यानातही आलं नव्हतं. तो पोरगा चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आला, तेव्हा ब्रॅकेटच्या मुळाशी केसाएवढी चीर. पैसे परत दिले.

वर उष्णतेचा हिशेब वेगळाच. मीटरभर ३०४ चा पाईप ५०० अंशांनी तापला तर आठ-नऊ मिलिमीटर वाढतो. ती वाढ जिरवायला सरकता सांधा आणि स्प्रिंग लागतात, नाहीतर सगळा जोर ब्रॅकेटवर. म्हणून असे पार्ट बाजारात काढणारे आधी जिग (पाईप जखडून धरायचा साचा) करतात, एकाऐवजी चार गाड्यांवर मापं घेतात, मग तो खराब रस्त्यावर हजारो किलोमीटर फिरवतात. दिवस तिथं जातात. नव्या मॉडेलला तर जास्तच, कारण कुठं काय चिरतं हे अजून कुणाच्याच अनुभवात नसतं.

आर्गॉनचं म्हणाल तर बाहेरून निळी-सोनेरी झाक आली म्हणजे वेल्ड चांगलाच असं नसतं. वेल्डला हवा लागू नये म्हणून पाईपच्या आतूनही आर्गॉन वायू सोडावा लागतो. तो वाचवला तर आत करपलेल्या साखरेसारखी काळी पापडी धरते आणि पाईप तिथूनच जातो. बाहेरून कळत नाही.

आता पॉवर. गाडीचा कागदावरचा आकडा आहे ४०.०२ पीएस (हॉर्सपॉवरच समजा), ८,००० आरपीएमला. त्यात पाच म्हणजे बारा टक्के वाढ, तीही नुसता मागचा डबा बदलून! आवाज वाढला की गाडी पळाल्यासारखी वाटते, मलाही वाटते. मोजायचं तर डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) त्याच गाडीला, त्याच दिवशी, इंजिन सारखंच तापवून आधी-नंतर मोजायला हवं. आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, इथं हवा आधीच पातळ, त्यामुळं कागदावरच्या आकड्याशी तुलना करून चालत नाही. जुना पाईप दुपारच्या उन्हात आणि नवा सकाळच्या गारव्यात मोजला, तर पाईपनं न दिलेली पॉवरही कागदावर दिसते.

‘ईसीयू जुळवून घेतो’ हे अर्धंच खरं आहे. सावकाश चालवताना धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बघून तो पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा या प्रमाणाच्या आसपास पेट्रोल कमी-जास्त करतो. पण थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडला की सेन्सरचं ऐकणं थांबतं आणि आत लिहिलेल्या मॅपवर, म्हणजे पेट्रोलच्या ठरलेल्या तक्त्यावर, गाडी चालते. तेव्हा हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. २०१६ ची पहिली हिमालयन कार्ब्युरेटरवाली होती, पेट्रोल सोडणारा जेट बदलून भागायचं. या ४५० मध्ये राइड-बाय-वायर आहे. मूठ पिळली तरी थ्रॉटल किती उघडायचा ते ईसीयू ठरवतो. मॅप नीट बसवणं हे लेथवरचं काम नव्हे, तिथं मी हात टेकतो.

धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला तर बीएस-६ या धुराच्या सरकारी नियमाचा विषयच संपला. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि आवाज-धुराचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितलीय. मेसेजमध्ये यावर अवाक्षर नाही.

ब्रँडवाले जास्त पैसे लावत नाहीत असं मी म्हणणार नाही. काही जण तयार डबा आणून त्यावर नुसता बिल्ला ठोकतात, त्यांना खुशाल लुटारू म्हणा.

त्या पोराची गाडी आता गाडीबरोबर आलेल्या कंपनीच्याच सायलेन्सरवर फिरते. माझा चिरलेला पाईप दुकानात खिळ्याला टांगलाय. मेसेज पाठवणाऱ्या दोघांनी येऊन बघून जावं, चहा माझ्याकडून.